पेशीच्या दिवशीची कळ

“बस कर भो आता. लोकाईनं पाह्यलं, पुरे झालं,” दिगंबर माझ्या कानाशी वाकून म्हणाला.

मी कोर्टाच्या व्हरांड्यात फरशीवर लोळत होतो. डाव्या कुशीवर पडलो की वाटायचं उजवी बरी, उजवीवर वळलो की वाटायचं उठून बसावं, आणि बसलो की वाटायचं भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. बरगडीखाली पाठीत कोणीतरी उलथनं खुपसून पिळत होतं. तिथून ती कळ कमरेवरून थेट जांघेत उतरायची, जरा थांबायची, की पुन्हा वर. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. आणि हा गाढव मला शाबासकी देत होता.

“दिगू, खरंच दुखू राहिलं रे,” मी म्हणालो.

“हां, हां. अस्संच म्हणजो सायेबापुढं.” त्यानं डोळा मारला. “नारळपाणी आणू का?”

दिगंबर म्हणजे यशवंतआप्पा बऱ्हाटे यांचा भाचा. आप्पांची केळी, आप्पांचे ट्रक, आप्पांच्या भानगडी, सगळं तोच पाहायचा. आणि त्या दिवशी आत जो खटला चालायचा होता तो आप्पांच्या मुलावर, चेतनवर होता. त्याच्या पिकअप गाडीच्या धडकेनं मुराद तडवी मेला होता. मेला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण गाडी चेतन चालवत होता हे पाहणारा माणूस एकच होता, आणि तो फरशीवर लोळत होता.

मी भरीत-पुरीचा आचारी. हिवाळ्यात आप्पांच्या शेताच्या बांधावर, हमरस्त्याच्या कडेला, माझी चूल लागायची. वांगी भाजायला कापसाच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या लागतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही, कोणी म्हटलं तर भांडतो. त्या पऱ्हाट्या मला मुराद आणून द्यायचा, सायकलला मोळी बांधून, रोज सकाळी. एके दिवशी तो येत असताना, माझ्या डोळ्यांदेखत, ते झालं. पोलिसांना मी जे पाहिलं ते सांगितलं. सांगणं सोपं होतं. तेव्हा मुराद अजून तिथंच पडला होता.

त्यानंतर दोन वर्षं गेली. आप्पा मला कधी रागावले नाहीत, बांधावरून उठवलं नाही. उलट लग्नाच्या ऑर्डरी द्यायला लागले. एकदा तर नेमकं पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेलाच मला सुरतेला त्यांच्या पाहुण्यांकडे स्वयंपाकाला धाडलं. परत आलो तर माझ्या नावानं वॉरंट.

आणि या पेशीच्या आठ दिवस आधी ते स्वतः घरी आले. मी अंगणात मोठी कढई घासत होतो. ते ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. आप्पांचा आवाज फार मऊ. “लीलाधर,” ते म्हणाले, “माणसाचं पेशीच्या दिवशी पोटही दुखतं कधी कधी. देवाच्या हातचं आहे ते. आपलं काय चालतं?”

मी काहीच बोललो नाही. कढई घासत राहिलो. आमच्या भागात आप्पांना तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीत नव्हती आणि गप्प बसलं की तो होकार धरला जायचा. आप्पांनीही तो धरला, चहा पिऊन उठले. मी होकार दिला होता का? खरं सांगायचं तर माझं मलाच माहीत नव्हतं. आठ दिवस माहीत नव्हतं. बायको, कुमुद, तेवढं म्हणाली, “साक्ष द्या, नाहीतर नका देऊ. पण घरी येऊन ताटावर असे मुके बसू नका. मले नाही पाहवत.”

आणि पेशीच्या दिवशी कोर्टाच्या फाटकाशी एसटीतून उतरलो, आणि पोटात कळ आली. खरीखुरी!

“फेगडे, उठा.” सरकारी वकील भारंबे मॅडम समोर उभ्या होत्या. काळा कोट, कपाळावर घाम, हातात फायली. “पंधरा वर्षं प्रॅक्टिस केली मी. साक्षीच्या दिवशी साक्षीदाराचं काय काय दुखतं, मला सगळं पाठ आहे.”

“मॅडम, आईची शपथ...”

“शपथ आत घ्यायची असते.”

त्यांच्या मागे बाकावर हलिमा बसली होती, मुरादची बायको. ती प्रत्येक तारखेला यायची, त्या बाकाच्या त्याच टोकाला बसायची. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि नेमका त्याच क्षणी दिगंबरनं माझ्या तोंडापुढे नारळ धरला. झालं! याहून वाईट काय दिसायचं होतं? तिनं मान फिरवली आणि व्हरांड्यातून उतरून गेली.

मला त्या कळेतही रडू फुटलं. दुखण्याचं नाही. माणूस खरं दुखणं घेऊन पडलाय आणि एकाही माणसाला ते खरं वाटू नये? ज्यांना माझी साक्ष नको त्यांना वाटतंय मी त्यांच्यासाठी नाटक करतोय, ज्यांना हवी त्यांनाही वाटतंय मी आप्पांसाठीच नाटक करतोय. आणि मी तर गेले आठ दिवस नाटक करायचं की नाही हेच ठरवत होतो. लांडगा आला रे म्हणायच्या आधीच माझा लांडगा आला होता.

न्यायाधीशांपुढे मला दोघांनी धरून नेलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी कठड्याला धरून वाकडा उभा होतो.

“याला दवाखान्यात न्या,” ते म्हणाले. “हवालदार सोबत जाईल. जेवणाच्या सुट्टीनंतर साक्षीदार हजर पाहिजे. नाही आला तर मी सरकार पक्षाचा पुरावा आज बंद करतो. ही शेवटची संधी आहे, मॅडम.”

पुरावा बंद म्हणजे काय ते भारंबे मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं. माझ्याशिवाय त्यांच्याकडे दुसरं होतंच काय?

हवालदार सपकाळेंनी रिक्षा शोधायला मान वर केली, तर दिगंबर जीप घेऊन दारात हजर. “चला, चला. माणुसकी आहे का नाही?” सपकाळे पुढे बसले, मी मागे सीटवर चारी पायांवर ओणवा. “लीलाभाऊ,” दिगू आरशातून पाहत म्हणाला, “तू तं नाटकात पायजे होता. वांगे भाजण्यात कायले वाया गेला?”

मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याच्या नव्या सीटकव्हरवर भडाभडा ओकलो.

तेव्हा कुठे त्याचा चेहरा बदलला. जीप कडेला घेऊन त्यानं फोन लावला. “आप्पा, याले खरंच झालं... हो, खरंच. सीट भरवली ना त्यानं... हां.” मग माझ्याकडे वळून हळूच, जरा श्रद्धेनंच म्हणाला, “आप्पा म्हणे, देव आपल्या बाजूनं आहे.”

दवाखाना कोर्टापासून जवळच. तिथं त्या दिवशी ऑपरेशनांचा वार होता, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई जिल्ह्याहून आल्या होत्या. डॉ. सरोदे. बारीक अंगाच्या, केस टोपीत कोंबलेले, बोलणं तुटक. दवाखान्याचे मोठे डॉक्टर ऑपरेशनात होते, म्हणून मला त्यांनीच पाहिलं. पोटावर गार चिकट मलम लावून मशीन फिरवलं आणि म्हणाल्या, “खडा आहे. किडनीतून निघून खाली नळीत अडकलाय. मागे किडनीवर थोडी सूज आहे. पाणी किती पिता?”

“चहा पितो.”

“दिवसभर चुलीपुढे आणि चहा पितो.” त्यांनी मान हलवली. “कुठल्या औषधाची ॲलर्जी?”

मी सांगितलं. दाढ काढली तेव्हा दुखण्यावरचं जे इंजेक्शन दिलं होतं, त्यानं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, श्वास अडकला होता. कुमुदनं तो कागद माझ्या पाकिटात कायमचा ठेवला होता, तो काढून दाखवला. त्यांनी वाचला आणि ओठ आवळले. “म्हणजे नेहमीचं औषध तुम्हाला चालत नाही. त्या जातीचं कुठलंच देणार नाही. मग उरलं दुसरं, जास्त जोराचं. त्यानं थांबेल. पण गुंगी येईल. झोपाल.”

“साक्ष देता येईल का?” हे सपकाळे हवालदारांनी विचारलं.

“गुंगीतल्या माणसाची साक्ष तुमचे साहेब घेतात का?”

“द्या ना मग गुंगीचं!” दारातून दिगंबर म्हणाला. “माणसाचा जीव चालला बाई, साक्षीचं काय घेऊन बसले तुम्ही?”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुतेक काहीतरी त्यांच्या लक्षात आलं असावं. “तुम्ही कोण यांचे?”

“मी... घरचाच.”

“बाहेर थांबा.”

दार लावून त्या स्टूल ओढून बसल्या. “तिसरी एक गोष्ट करता येते. पाठीत, मणक्याच्या बाजूला, स्नायूच्या खाली मी औषध सोडते. मशीनवर सुई दिसत राहते. किडनीकडून दुखण्याची बातमी ज्या नसांतून वर जाते, त्या नसा तेवढ्या बधिर होतात. डोकं जागं राहतं. चालता येतं, बोलता येतं. ऑपरेशनानंतर पेशंटला दुखू नये म्हणून मी हे नेहमी देते. खड्यासाठीही देतात. पण नीट ऐका. खडा जागचा हलणार नाही. दुखणं काही तास थांबेल, कोणाला संध्याकाळपर्यंत, कोणाला सकाळपर्यंत. कोणाला कमीही लागू पडतं. बरं वाटलं म्हणून घरी पळायचं नाही, इथंच परत यायचं. ताप आला, लघवी थांबली, तर ताबडतोब.”

“म्हणजे दुखणार नाही,” मी म्हणालो, “आणि झोपही येणार नाही.”

“हो. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. मला पुढचं ऑपरेशन आहे, पण एवढं करून जाईन.”

दोन सुया. एकीत झोप, एकीत कोर्ट. आणि मला निवडता येईना. कळेमुळे नाही.

तुम्हाला सांगतो, त्या पलंगावर पडून मला देवाचे उपकार वाटायला लागले होते. आठ दिवस मी ज्या खोट्यासाठी धजत नव्हतो, ते खोटं बोलायची वेळच त्यानं ठेवली नव्हती. दुखणं खरं. खडा मशीनवर दिसलेला. ॲलर्जी खरी. डॉक्टरीणबाई खऱ्या. गुंगीचं घेऊन झोपलो तर जगातलं कोणतं कोर्ट मला दोषी धरणार होतं? आप्पाही राजी, बांधही शाबूत, आणि लीलाधर फेगडेच्या जिभेवर खोट्याचा एक शब्द नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. असं दुखणं नशीबवानालाच मिळतं.

खिडकीतून दिगंबरनं हात घालून मोबाइल माझ्या कानाला लावला. पलीकडून आप्पांचा मऊ आवाज. “लीलाधर, फार त्रास आहे का रे? झोपेचं घे. शांत पड. मी संध्याकाळी गाडी पाठवतो. कुमुदले सांगून ठेवतो.” मी हूं म्हणालो. पुन्हा तेच, हूं. ना हो, ना नाही.

तेवढ्यात दार ढकलून हलिमा आत आली.

ती कोर्टातून चालत आली होती. मे महिन्याची दुपार, पायात रबरी चप्पल. डोक्यावरचा पदर घामानं ओला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं आता शिव्या देईल. देऊ दे. तिचा हक्क आहे.

“पानी प्या भाऊ,” ती म्हणाली.

तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली होती. मी डोळे उघडले.

“मुरादले बी असंच व्हायचं,” ती म्हणाली. “दोन दफा झालं होतं. घरभर फिरायचा, भुईवर पडायचा, उठायचा. एका जागी ठरत नव्हता. मी वऱ्हांड्यात पाह्यलं तुमाले, तवाच समजली.”

“तू निघून गेलीस ना?”

“बाटली भरायले गेली होती. आली तं तुमी गाडीत बसून गेलेले.” तिनं माझं डोकं धरून घोटभर पाणी पाजलं. मग बाटलीचं झाकण लावलं. “भाऊ, दवाई घ्या अन् झोपून जा. आज नका येऊ.”

“हलिमा, आज नाही आलो तर...”

“मालूम आहे. मॅडमनं सांगितलं मले. बंद करतील.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “करू द्या. मुराद म्हणे, हे दुखणं दुश्मनाले बी नको. अशा दुखण्यात तुमाले उभं करू का मी? त्याले कसं वाटंल?”

मला तिचा राग आला. अगदी खरा, संतापच. अगं बाई, शिव्या दे ना! थोबाडीत मार! तुझ्या नवऱ्याला न्याय मिळायची शेवटची दुपार आहे आणि तू माझ्या डोक्याखाली हात घालून पाणी पाजतेस? तिनं एक जरी वाकडा शब्द काढला असता तर मी गुंगीचं घेऊन भिंतीकडे तोंड करून सुखानं झोपलो असतो. पण त्या अख्ख्या दिवसात पुरावा न मागता माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस ते होतं, आणि ते मला सोडून देत होतं. आता झोपायचं कोणाच्या जिवावर?

“बाई,” मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, “ती पाठीतली द्या.”

“विचार केला?”

“केला. द्या लवकर, नाहीतर पुन्हा करीन.”

बाहेरून दिगंबर दार ठोठावत होता. “अहो डॉक्टर, असं कसं? घरच्यांची सही नको का? पाठीत सुई म्हणे! माणूस लुळा पडला तर?”

“माणूस शुद्धीवर आहे,” त्या दाराकडे न पाहता म्हणाल्या. “सही तो करेल.”

मला पलंगाच्या कडेला बसवलं, उशी पोटाशी, मान खाली. हाताला सलाईनची सुई टोचून ठेवली. शर्ट काढला. आधी कातडीखाली थोडं औषध घालून काही उठतं का ते पाहिलं, कारण माझ्या ॲलर्जीनं त्याही बिचकल्या होत्या. मग पाठीवर गार स्पिरिट, गार मलम, मशीनची मूठ. “हलू नका.” हे सांगणं सोपं. कळ आली की अंग आपोआप वळतं. तेव्हा हलिमानं पुढून माझे दोन्ही खांदे धरले. हवालदार सपकाळे मशीनच्या पडद्याकडे अशा नजरेनं पाहत होते की जणू तिथं क्रिकेट चाललंय.

“टोचेल. हं. आता दाबल्यासारखं वाटेल. श्वास धरू नका, फेगडे. श्वास घ्या.”

सुई आत शिरताना मला दुखलं नाही, भीती वाटली. लुळा पडला तर, हे दिगूचे शब्द डोक्यात घुमत होते. आचाऱ्याला पाय गेले तर काय उरलं? दरम्यान एक मोठी कळ आली, मी दात ओठात रुतवले, डॉक्टरीणबाई थांबल्या, कळ उतरेपर्यंत तशाच थांबल्या आणि मग पुन्हा सुरू केलं. औषध जात होतं तसं पाठीत काहीतरी जड पसरत होतं.

“झालं. पडून राहा.”

काही झालेलं नव्हतं. कळ तशीच होती. मी म्हणालो, “गेलं वाया.” त्या म्हणाल्या, “धीर धरा.” पुढची कळ आली, पण ती मधेच दमली. त्यापुढची आली ती लांबून, शेजारच्या घरात कोणी भांडी आपटावीत तशी. मग आलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी बर्फ लावून विचारलं, गार लागतं का? बरगडीखाली लागेना, खांद्याला लागत होतं. पाय हलवून दाखवा म्हणाल्या; हलले. मी घळाघळा रडायला लागलो. एवढी शांतता पोटात असते हे माणसाला एरवी कळत नाही.

पुढची दुपार भराभर गेली, पण तिचा एकेक क्षण मला लक्षात आहे. मी सपकाळेंसोबत रिक्षानं कोर्टात गेलो, स्वतःच्या पायानं पायऱ्या चढलो. भारंबे मॅडमनी मला पाहिलं आणि हातातला जेवणाचा डबा तसाच बंद केला. आरोपीच्या बाकावर चेतन होता. मागच्या रांगेत आप्पा, मांडीवर टोपी. दिगंबरनं त्यांना आधीच सांगितलेलं दिसलं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पिंजऱ्यात उभा राहताच आरोपीचे वकील नारखेडे उठले. “साहेब, माझी हरकत आहे. साक्षीदाराला आत्ता दवाखान्यात भूल दिलीय. डॉक्टरांच्या चिठ्ठीतच लिहिलंय. भुलीच्या अमलाखालच्या माणसाची साक्ष कशी घेणार?”

“भूल पाठीला आहे, साहेब,” मी म्हणालो. “डोक्याला नाही.”

“ते तुम्ही नाही ठरवायचं.” साहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला. “फेगडे, काय काम करता?”

“भरीत करतो.”

“कसं करता?”

आता मला हे कोणी विचारावं! “साहेब, वांगं पांढरट हिरवं पाहिजे, जांभळं चालत नाही. हातात घेतल्यावर हलकं लागलं पाहिजे, जड असलं की आत बी. पऱ्हाटीच्या जाळावर भाजायचं, साल जळून सुटली पाहिजे. मग सोलून लाकडाच्या खोलगट बडगीत घालायचं, त्यात हिरवी मिरची अन् लसूण, अन् ठेचायचं. मिक्सरमध्ये नाही, साहेब. मिक्सरमध्ये केलं की ती चटणी होते. मग तेल तापवून त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात...”

“पुरे, पुरे.” मागे कोणीतरी हसलं. साहेबही हसले असावेत. “साक्षीदार पूर्ण शुद्धीवर आहे. घ्या शपथ.”

शपथ घेतली. भारंबे मॅडमनी विचारलं, त्या सकाळी काय पाहिलं?

मी सांगितलं. मुराद सायकलवर मोळी घेऊन येत होता, आपल्या बाजूनं. गाडी मागून आली, भरधाव. मुराद उडून बांधावर पडला, पऱ्हाट्या रस्ताभर. गाडी पुढं जाऊन थांबली. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं.

“कोण उतरलं?”

मी चेतनकडे पाहिलं. लहान होता तेव्हापासून माझ्या हातचं भरीत खात होता तो पोरगा. शाळेतून यायचा आणि चुलीशी बसून जळक्या सालीचे तुकडे मागायचा.

“चेतन उतरला. दुसरं कोणी गाडीत नव्हतं. तो माझ्यापाशी आला. थरथरत होता. म्हणाला, ‘लीलाकाका, मी नव्हतो हं. पंढरी होता.’”

“पंढरी म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. तो कुठे होता?”

“तो आलाच नव्हता, मॅडम. नंतर मोटारसायकलीवर आला. आप्पांच्या मागं बसून.”

आप्पांनी टोपी उचलली आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

नारखेडे वकिलांनी उलटतपासणी सुरू केली ती संपवेचनात. गाडीचा रंग, रस्त्याचा उतार, माझा चष्मा, माझं कर्ज, माझा बाप. मला कळत होतं ते काय करताहेत. दिगंबर मागे भिंतीला टेकून माझ्या पाठीकडे पाहत होता. ते सगळे माझ्या कळेची वाट पाहत होते. आणि मीही. जरा पाठीत आवळल्यासारखं झालं की वाटायचं, आली.

शेवटी ते म्हणाले, “तुमच्या चुलीचा धूर होता. वांगी भाजत होतात. धुरातून तुम्हाला कोण उतरलं ते नीट दिसलंच नाही. मी म्हणतो तुम्ही अंदाजानं नाव सांगताय.”

“चूल पेटलीच नव्हती,” मी म्हणालो.

“का नव्हती?”

“पऱ्हाट्या मुरादच्या सायकलवर होत्या ना, साहेब.”

नारखेडे खाली बसले. बाकाच्या टोकाला हलिमानं पदर तोंडावर ओढून घेतला.

निकाल पुढच्या पावसाळ्यात लागला. चेतनला शिक्षा झाली, वरच्या कोर्टात ती कमी झाली, तरी काही महिने तो आत राहून आला. बांधावरची चूल मला हलवावी लागली. आता रस्त्यापलीकडे आहे. पऱ्हाट्या हलिमा आणते. खड्याचं म्हणाल तर तो नंतर दुर्बीण घालून काढला. हे सगळं आता जुनं झालं. माझ्या डोक्यात त्या दिवसाची संध्याकाळ तेवढी ताजी आहे.

कोर्ट उठलं. भारंबे मॅडमनी माझा हात हातात घेऊन सोडला. हलिमा मला दवाखान्यात न्यायला रिक्षा बघायला फाटकाबाहेर गेली. मी पायऱ्या उतरलो आणि शेवटच्या पायरीवर पाठीतलं ते जडपण सुटायला लागलं. आधी बारीक. मग उलथनं. मी तिथंच खाली बसलो, मग आडवा झालो. सकाळच्या जागेपासून फार लांब नाही.

लोक बाजूनं जात होते. दिगंबर जीपशी उभा होता. “पडू द्या त्याले, आप्पा,” तो म्हणाला. “चला तुम्ही.”

“दार उघड,” आप्पा म्हणाले.

त्यांनीच काखेत हात घालून मला उठवलं. मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. सीटकव्हर काढून टाकलेलं होतं. आप्पांच्या हातात टोपी होती, ती ते बोटांनी फिरवत होते.

“खरंच दुखू राहिलं होतं, लीलाधर?”

“खरंच, आप्पा.”

“मंग झोपला कायले नाही रे?” त्यांचा आवाज फाटला. एवढ्या वर्षांत मी तो आवाज फाटलेला ऐकला नव्हता. “देवानंच दिलं होतं ना. तुले खोटंही बोलायचं काम नव्हतं. नुसतं झोपायचं होतं.”

कळ अशी आली होती की मला दिसत नव्हतं. पण या माणसाला इतकी वर्षं मी हूं शिवाय काही म्हटलं नव्हतं, आणि आज त्यांना उत्तर देणं भाग होतं.

“दुखायचं थांबलं होतं ना, आप्पा,” मी म्हणालो.

ते पुढं पाहत राहिले. दवाखाना आला. दिगंबर उतरला नाही, तेच उतरले. माझं कोपर धरून त्यांनी मला पायऱ्या चढवल्या, दारातल्या बाकावर बसवलं, आतल्या नर्सला हाक मारली आणि ती येईपर्यंत थांबले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.